‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणण्याआधी



या कार्यक्रमात आपण शेळ्या, शिलाई, पापड, बँकेचं खातं अशा कितीतरी गोष्टींवर बोललो. आज आम्ही बोलणार आहोत गाडीच्या एसीवर. कुणाला वाटेल, हा काय बायकांचा विषय? पण ज्या गाडीचा हप्ता आपण भरतो, त्या गाडीचा प्रत्येक स्क्रू हा आपलाच विषय आहे.

आमच्या गटातल्या पाच जणींनी मिळून कर्जावर सात सीटची गाडी घेतली. आमच्यातल्याच दोघी ती चालवतात. दवाखान्याच्या फेऱ्या, बाळंतिणीला माहेरी सोडणं, लग्नाचं भाडं, अशी कामं असतात. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो. तेव्हा भाडं ठरवताना गिऱ्हाईक पहिलं विचारतं, “एसी चालू आहे ना?” नाही म्हटलं की भाडं दुसऱ्याकडे जातं. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच येतो.

अशाच एका उन्हाळ्यात गाडीच्या पुढून घरघर सुरू झाली. शहरातल्या एका गॅरेजात दाखवली. मेस्तरींनी बॉनेट उघडलं, कान दिला आणि सांगितलं, “कॉम्प्रेसर गेला. नवा टाकावा लागेल. 18,000 रुपये.” आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि विचारलं, “दादा, एसी बंद केला तरी आवाज येतोय. मग कॉम्प्रेसरच गेला कशावरून?” मेस्तरी गप्प झाले. आज जे सांगायचंय ते या एका प्रश्नाभोवतीच आहे.

आधी एसी चालतो कसा ते समजून घेऊ. इंजेक्शन देण्याआधी नर्सताई दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवतात, तेव्हा गार लागतं. स्पिरिट उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणीही असंच गार होतं. एसीत हेच काम एक गॅस करतो. समोरच्या डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. तिथे गॅस पातळाचा वायू होतो आणि गाडीतली उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर तो वायू दाबून पुढे ढकलतो. गाडीच्या तोंडाशी कंडेन्सर नावाची जाळी असते, तिथे तो उष्णता बाहेर टाकून पुन्हा पातळ होतो. गॅस तोच, आतल्या आत फिरत राहतो. त्याच्यासोबत थोडं तेलही फिरतं आणि त्या तेलावरच कॉम्प्रेसर जगतो. शिलाई मशीनला तेल नसलं की कशी खडखडते, तसंच हे.

कॉम्प्रेसर फिरतो तो इंजिनच्या पट्ट्यावर, पिठाच्या गिरणीसारखा. पट्टा पुलीवर बसलेला असतो. इंजिन चालू असेपर्यंत पुली फिरतच राहते, एसी बंद असला तरी. एसीचं बटण दाबलं की पुलीवरचा क्लच विजेच्या चुंबकाने चिकटतो, ‘टक्’ असा आवाज होतो आणि मग आतला कॉम्प्रेसर फिरू लागतो. तो एक ‘टक्’ चांगला, त्याला घाबरायचं नाही. काही नव्या गाड्यांत असा क्लच नसतो, तिथे हा आवाज येत नाही.

आता आवाज ओळखायची रीत. गाडी मोकळ्या जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. एकीने आत बसायचं, दुसरीने पुढे उभं राहून ऐकायचं. इंजिन चालू असताना बॉनेटखाली हात घालायचा नाही. पदर खोचलेला, वेणी बांधलेली, ओढणी काढून ठेवलेली हवी. पट्टा आणि पंखा कुणाला ओळखत नाहीत. हात लावायचा असेल तर इंजिन बंद करून आणि थंड होऊ देऊनच.

पहिली पायरी: इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवा आणि आतला पंखा, म्हणजे ब्लोअर, लावा. आवाज इथेच आला आणि पंखा वाढवला की वाढला, तर दोष ब्लोअरचा. त्यात वाळलेला पाला अडकतो, कधी उंदराने आणलेला कापूस. कॉम्प्रेसरचा याच्याशी संबंध नाही.

दुसरी पायरी: इंजिन सुरू करा, एसी बंद ठेवा. आवाज आला, तर पुलीचं बेअरिंग, पट्टा किंवा पट्टा ताणून धरणारी पुली, यांच्याकडे बघायला सांगा.

तिसरी पायरी: एसी लावा. आवाज एसी लावल्यावरच सुरू झाला आणि बंद केल्यावर थांबला, तर मात्र दोष क्लचमध्ये, कॉम्प्रेसरच्या आत, नाहीतर गॅसमध्ये असू शकतो. कधी कॉम्प्रेसर धरून ठेवणारे बोल्ट ढिले झालेले असतात, तेव्हाही खडखड होते. एसीसोबत पुढचा कंडेन्सरचा पंखाही सुरू होतो. त्याचं पातं कशाला घासतंय का, तेही बघायला सांगा.

आमच्या गाडीला आवाज दुसऱ्या पायरीवरच येत होता. तालुक्याच्या गावी एका एसीच्या मेस्तरींनी पट्टा काढला आणि पुली हाताने फिरवली. कोरड्या जात्यासारखी ती करकरली. पुलीचं बेअरिंग गेलं होतं. आतला कॉम्प्रेसर ठणठणीत होता. बेअरिंग बदललं, गॅस काढावाही लागला नाही. मजुरीसकट 1,700 रुपये झाले. 18,000 कुठे आणि 1,700 कुठे!

पण मैत्रिणींनो, स्वस्तात सुटतंय म्हणून असा आवाज अंगावर काढू नका. बेअरिंग जाम झालं तर पुली अडते, पट्टा जळतो, तुटतो. बऱ्याच गाड्यांत त्याच पट्ट्यावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही चालतो. पट्टा तुटला की गाडी रस्त्यात उभी. आत बाळंतीण असेल तर काय करणार?

आता काही आवाज आणि त्यांचा अर्थ सांगतो. एसी लावताच ‘कीं’ अशी लांब किंकाळी आली, तर पट्टा ढिला किंवा झिजलेला असतो, नाहीतर कॉम्प्रेसर जड फिरत असतो. रबर जळाल्याचा वास आला तर एसी लगेच बंद करा, गाडी बाजूला घेऊन इंजिनही बंद करा. दर काही सेकंदाला ‘टक्-टक्’ होत राहिलं आणि हवा गार नसली, तर बहुतेक गॅस कमी असतो. गाडी बंद केल्यावर थोडा वेळ ‘स्स्स’ ऐकू आलं तर ते गॅसचा दाब सारखा होण्याचं आहे, काळजी नको. एसी चालू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी टपकलं तर तेही बरोबरच. तेच पाणी आत पायाशी आलं तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. आणि गाडी पळताना हवा गार, पण उभी राहिली की कोमट, असं होत असेल तर कंडेन्सरचा पंखा आणि जाळीवरची धूळ आधी बघायची.

गॅसबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर तो कुठूनतरी गळतोय. गॅससोबत तेलही जातं आणि मग कॉम्प्रेसर कोरडा पडून खरोखरच मरतो. म्हणून “गॅस भरून द्या” एवढंच म्हणू नका. “आधी गळती शोधा” म्हणा. सांध्यांवर तेलकट डाग, त्यावर बसलेली धूळ, साबणाच्या फेसाचे बुडबुडे, यावरून मेस्तरींना जागा सापडते. गळती बंद करून, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल ओढून, मगच गॅस भरायचा. तोही अंदाजाने नाही, वजनाने. किती ग्रॅम हे बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. जास्त भरला तर जास्त गार होत नाही, उलट कॉम्प्रेसरवर ताण येतो.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत आर-134ए नावाचा गॅस असतो. जुन्या काळचा आर-12 ओझोनचा थर खराब करायचा, म्हणून 1987 च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सुटला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. आधीच आपला उन्हाळा काय कमी आहे? म्हणून गॅस हवेत सोडू नका, मशीनने काढून घ्यायला सांगा. एसीची नळी घरी कधीही खोलू नका. हा गॅस उणे 26 अंशांला उकळतो. डोळ्यात किंवा हातावर उडाला तर कातडी गोठून जखम होते.

आता कॉम्प्रेसर खरंच गेला असेल तर? तेव्हा पैसे वाचवायच्या नादात अर्धं काम करू नका. शेजारच्या गावातल्या एका जीपवाल्या भाऊंनी फक्त कॉम्प्रेसर बदलला. जुना आतून झिजला होता, त्याचा धातूचा चुरा नळ्यांतून कंडेन्सरपर्यंत पसरलेला होता. तो धुतलाच नाही. तोच चुरा नव्या कॉम्प्रेसरमध्ये शिरला आणि त्याच उन्हाळ्यात तोही बसला. खर्च दोनदा झाला. म्हणून आतून तुटलेला कॉम्प्रेसर बदलताना नळ्या धुणं, म्हणजे फ्लशिंग, ड्रायर नवा, एक्सपान्शन व्हॉल्व्ह तपासून किंवा बदलून, कंडेन्सर साफ नाहीतर नवा, आणि तेल योग्य जातीचं, योग्य मापाने, एवढं व्हायलाच हवं.

गॅरेजात गेल्यावर चार गोष्टी विचारा. एक, आवाज नेमका कशातून येतोय ते दाखवाल का? दोन, गॅसचा दाब मापून काय आला? तीन, कॉम्प्रेसर गेला म्हणता, तर तेलात चुरा दिसतोय का? चार, बदललेला भाग आम्हाला परत द्याल का, आणि बिलावर वॉरंटी लिहाल का? नम्रपणे विचारायचं, पण विचारायचंच. चांगल्या मेस्तरींना अशा प्रश्नांचा राग येत नाही. ते हात पुसून समजावून सांगतात. असा माणूस सापडला की त्याला सोडू नका.

घरची निगा सोपी आहे. थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे आतलं तेल फिरतं आणि सील सुकत नाहीत. उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा आधी उघडा, गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. कंडेन्सरची जाळी पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. जोरदार प्रेशर मारला तर तिची पातळ पाती वाकतात. आतला एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत काढून झटका.

आणि गाडीसाठी एक वही ठेवा, बचतीच्या वहीसारखीच. आवाज कधी आला, एसी चालू होता की बंद, गॅस कधी आणि किती ग्रॅम भरला, कोणता भाग बदलला, किती पैसे गेले, सगळं तारखेसह लिहा. गाडी चालवणारी वेगळी आणि गॅरेजात नेणारी वेगळी असली, तरी वही सगळं सांगते. गटाच्या पुढच्या बैठकीत ही तीन पायऱ्यांची तपासणी प्रत्येकीने गाडीजवळ उभं राहून स्वतः करून बघा. ज्यांना गाडी चालवता येत नाही, त्यांनीसुद्धा. हप्ता त्याही भरतात.