पोयाच्या माश्या आणि त्यांचा मध



कोकणातल्या जुन्या चिऱ्याच्या घरात भिंतीच्या एखाद्या फटीतून मेणा-डिंकाची बारीक नळी बाहेर आलेली दिसते. तिच्या तोंडाशी काळपट, चार मिलिमीटरच्या आसपास लांबीच्या माश्या पहारा करत असतात. या पोयाच्या माश्या. यांना डंख मारता येत नाही. फार छेडलं तर केसांत, कानांत शिरतात आणि बारीक चावे घेतात, एवढंच.

डंखाची भीती नाही म्हणूनच माणूस त्यांच्या घरावर निर्धास्त हात टाकतो. भिंत उकरायची, आतलं सगळं फडक्यात घालून पिळायचं, झाला मध! त्या पिळण्यात अंडी, अळ्या, पराग सगळं चिरडतं. मध गढूळ होतो आणि वसाहत संपते. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे सहज टाळता येतं.

सातेरी मधमाशीसारखी पोळ्याची पानं ही माशी बांधत नाही. झाडांचा चीक आणि स्वतःचं मेण मळून ती मटाराएवढ्या कुप्या करते. मधाच्या कुप्या निराळ्या, परागाच्या निराळ्या आणि अंड्यांचे कप्पे यांच्यापासून बाजूला. म्हणजे पिल्लांना धक्का न लावता मध काढायला जागा आहे.

केरळात हा मध ‘चेरुतेन’ म्हणून ओळखला जातो आणि वैद्य त्याला मानतात. तिथे या माश्या मडक्यात, लाकडी पेटीत, बांबूत पाळतात. बांबू उभा चिरून दोन्ही फाका पुन्हा बांधायच्या. मधाच्या वेळी दोरी सोडली की आतलं सगळं समोर दिसतं. भिंतीतली वसाहत हवी असेल तरी भिंत फोडत नाहीत. माश्यांच्या दाराला नळी लावून ती पेटीत सोडतात आणि पेटीला दुसरं दार ठेवतात. जा-ये पेटीतून होऊ लागली की काही महिन्यांत माश्या तिथेही कुप्या बांधू लागतात. घाई मात्र चालत नाही.

मध पावसाआधी काढावा. फक्त मधाच्या कुप्या सुरीनं अलगद सोडवाव्या, टोचून गाळणीवर ठेवाव्या आणि मध आपोआप गळू द्यावा. काही भरलेल्या कुप्या माश्यांसाठी राखाव्यात. पावसाळ्यात त्यांना दुसरा आधार नसतो. सांडलेला मध लगेच पुसावा, नाहीतर मुंग्या वसाहतीचा फडशा पाडतील.

एका वसाहतीतून वर्षाला काही शे ग्रॅमच मध मिळतो. तो पातळ आणि आंबटगोड असतो. त्यात पाणी जास्त असल्यामुळे तो लवकर आंबतो, म्हणून फ्रिजमध्ये ठेवावा.

आणि आंबा बागायतदारांना एक विनंती. या माश्या घरापासून काहीशे मीटरांतच हिंडतात. तुमच्या मोहोरावर त्या येत असतील, तर त्यांचं घर तुमच्याच बागेच्या आसपास आहे. मोहोर फुललेला असताना कीटकनाशकाची फवारणी टाळा. करावीच लागली तर संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर करा.