आपली पाटी आपल्या हाती
(रेडिओवरील भाषण)



नागाव, आक्षी, काशीदपासून दिवेआगर, हरिहरेश्वरापर्यंत आपल्या किनाऱ्यावर कितीतरी घरांबाहेर पाटी दिसते – ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’. ही पाटी रस्त्याने जाणाऱ्यालाच दिसते. मुंबई-पुण्यात बसून सुट्टीचा बेत आखणाऱ्या माणसाला दिसते ती फोनवरची पाटी. ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातात असते. खोली आपली, स्वयंपाक आपला, पण गिऱ्हाईक आणून दिलं म्हणून मधला माणूस आपल्या कमाईतून वाटा घेतो. आज बोलायचंय ते फोनवरची आपली पाटी, म्हणजे वेबसाइट, कशी तयार होते याबद्दल. ती कुठल्या भाषांत लिहितात आणि त्यासाठी काय सामान लागतं, ते पाहू.

वेबसाइटच्या तीन मुख्य भाषा आहेत. पाटीचंच उदाहरण घेऊ.

पाटीवर काय लिहायचं, ते सांगणारी भाषा म्हणजे एचटीएमएल. हे मोठं नाव, हा मजकूर, इथे फोटो, हा फोन नंबर, असं ती ब्राउझरला सांगते. ब्राउझर म्हणजे फोनमधलं क्रोम किंवा फायरफॉक्स. एचटीएमएलमध्ये प्रत्येक गोष्टीला टॅग लावतात. टॅग ही टोकदार कंसातली खूण असते. मजकुराच्या आधी एक खूण, आणि मजकूर संपला की तीच खूण तिरकी रेघ देऊन पुन्हा. डब्याला झाकण लावावं तसंच. काही खुणांना, उदाहरणार्थ फोटोच्या खुणेला, झाकण लागत नाही. या खुणा इंग्रजी अक्षरांत असतात, पण त्यांच्या आतला मजकूर खुशाल मराठीत लिहा. फाइल ‘यूटीएफ-८’ या पद्धतीने साठवली आणि पानावर तशी नोंद केली, की देवनागरी अक्षरं नीट उमटतात.

दुसरी भाषा सीएसएस. पाटीचा रंग, अक्षरांचा आकार, कडेची मोकळी जागा हे सगळं ती ठरवते. तेच पान फोनवर अरुंद आणि संगणकावर रुंद दिसावं, ही सोयही तीच करते. आपले पाहुणे फोनवरच बघणार, म्हणून आधी फोनवर नीट दिसेल असं पान करावं.

तिसरी जावास्क्रिप्ट. ही पाटीला बोलतं करते. समजा, खोलीचं भाडं रात्रीला १५०० रुपये आणि थाळी २५० रुपये. पाहुण्याने चार माणसं, दोन रात्री आणि रोज एक थाळी असं भरलं, की जावास्क्रिप्ट हिशेब करते: खोलीचे ३०००, जेवणाचे २०००, एकूण ५०००. दर आधीच दिसला की फोनवरची घासाघीस कमी होते. जावा नावाची आणखी एक भाषा आहे. नाव सारखं असलं तरी ती वेगळी.

सुरुवातीला मात्र तिन्हींच्या मागे लागू नका. आधी एचटीएमएल, हात बसला की सीएसएस, जावास्क्रिप्ट सगळ्यात शेवटी. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, आणि १९९३ साली सर्नने ते तंत्र सर्वांसाठी खुलं केलं. त्यामुळे या भाषा वापरायला कुणालाही फी द्यावी लागत नाही.

सामानही थोडंच लागतं. विंडोज संगणकावर नोटपॅड असतंच. त्यात लिहायचं, फाइलच्या नावाशेवटी ‘डॉट एचटीएमएल’ जोडायचं आणि ती ब्राउझरमध्ये उघडायची. नेट नसलं तरी आपलं पान आपल्याला दिसतं. पुढे व्हीएस कोड हे फुकट मिळणारं साधन घ्या. खुणांना ते वेगवेगळे रंग देतं, त्यामुळे विसरलेलं झाकण पटकन सापडतं. गटात एकीच्या घरी संगणक असेल तर आठवड्यातून एकदा तिथे बसा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात संगणकाचे धडे मराठीतूनही आहेत.

पान तयार झालं की ते जगाला दिसण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पान ठेवायला जागा, म्हणजे होस्टिंग. आणि पत्ता, म्हणजे डोमेन. गिटहबसारख्या ठिकाणी साधं पान फुकट ठेवता येतं. स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असेल, तर दरवर्षी पैसे भरावे लागतात.

इथे कान देऊन ऐका. वेबसाइट दुसऱ्याकडून करून घेतली तरी डोमेन गटाच्या नावावर, गटाच्या ईमेलवर नोंदवा. पासवर्ड गटाकडे ठेवा आणि नूतनीकरणाची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहा. डोमेन करून देणाऱ्याच्या नावावर राहिलं, तर उद्या त्याच्याशी बिनसल्यावर पत्ताही गेला आणि त्या पत्त्यावर येणारं गिऱ्हाईकही गेलं. जमिनीचा सातबारा आपण दुसऱ्याच्या नावावर ठेवतो का? तसंच हे.

पानाची एक प्रत पेनड्राइव्हवरही ठेवा. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा वीज आणि फोनची काय गत झाली, ते तुम्हाला सांगायला नको. दूरच्या सर्व्हरवरचं पान अशा वेळीही सुरू राहतं. घरातला संगणक भिजला, तरी प्रतीवरून काम पुढे नेता येतं.

पानावर खरं तेच लिहा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, पण त्या नावाखाली दुसरीकडचा कांदाही विकला जातो. तुमच्या गटाच्या माळा कुठल्या गावच्या शेतातल्या आहेत, कांदा कधी काढला, ते फोटोसकट लिहा. फोटो मात्र लहान करून टाका. फोनमधला फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो दोनशे केबीपर्यंत आणलात, तर रेंज कमी असतानाही पान लवकर उघडतं.

नंबर गटाचा वेगळा द्या. पान सगळ्यांना दिसतं, तसं ते फसवणाऱ्यालाही दिसतं. ‘आगाऊ रक्कम पाठवतो, पिन टाका’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो.

येत्या बैठकीत एवढंच करा. एका कागदावर पाच ओळी लिहा: गटाचं नाव, गाव, आपण काय देतो, दर काय, फोन कुठे करायचा. या पाच ओळींना खुणा लावल्या, की तुमचं पहिलं पान तयार. घरातली बारावीची मुलगी मदतीला असेल तर उत्तमच, पण कीबोर्डवर बोटं तुमची असू द्या.