गटाची वही मोठ्याने वाचा



सेनगाव तालुक्यात गोरेगावला जा, पानकनेरगावला जा, नाहीतर एखाद्या तांड्यावर जा. महिलांचा बचत गट नाही असं गाव आता सहसा सापडत नाही. 1975 साली महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, स्थापन झालं. 1992 मध्ये नाबार्डने गट बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. पुढे ‘उमेद’ अभियान आलं आणि गावोगाव गट उभे राहिले. गट काढणं आज अवघड नाही. तो दहा वर्षं टिकवणं अवघड आहे, आणि मला बोलायचं आहे ते त्याबद्दल.

पंचसूत्री आपल्या बायकांना तोंडपाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोबाच्या नोंदी. घोडं अडतं ते शेवटच्या सूत्रापाशी. दहा जणींच्या गटात नीट लिहिता येणारी एखादीच असते. ती सचिव होते, वही तिच्याच घरी राहते आणि वर्षानुवर्षं तिचंच नाव पुढे चालतं. ती प्रामाणिकच असते. पण बाकीच्या नऊ जणींना आपली बचत किती, व्याज किती जमलं, हे तिच्या दारी गेल्याशिवाय कळत नाही. मग ती आजारी पडली की बैठक थांबते, आणि कुजबुज सुरू होते. एका रुपयाची अफरातफर झालेली नसताना चांगला गट फुटतो.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की बैठक उठण्याआधी वही मोठ्याने वाचा. आज किती जमले, कोणाला किती दिले, हातात रोख किती, बँकेत किती. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हिशोब येत नाही असं कोणी समजू नये; मोंढ्यात सोयाबीनच्या मापात दोन किलो मारले तर ते त्यांनाच आधी कळतं. दहा जणींनी महिन्याला 100 रुपये टाकले, तर वर्षाचे 12,000 होतात. वर कर्जाचं व्याज. ही बेरीज ऐकूनही पडताळता येते. पदाधिकारी दोन-तीन वर्षांनी बदला. आणि पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपवर आधीच सही करून ठेवू नका. गटाला 20 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण द्यावं लागत नाही; बँक पाहते ती तुमच्या बैठका, परतफेड आणि वही.

आपल्याकडचा एक प्रश्न मात्र छापील नियमावलीत सुटत नाही. दसरा-दिवाळी झाली की तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशीच परततात. दहातल्या चार जणी फडावर असतील तर गणसंख्या किती धरायची? त्यांची बचत चुकली तर दंड घ्यायचा का? माझ्या मते मुळीच घेऊ नये. दंड कंटाळा करणारीला असावा, पोटासाठी गाव सोडणारीला नसावा. मुकादमाच्या उचलीतून सगळ्या महिन्यांची बचत एकदम भरून घ्या, असंही सुचवलं जातं. मला ते पटत नाही. उचल हे मुळात कर्जच आहे. ते फेडण्यासाठी तिला कोयता हातात घ्यायचा असतो. तिची बचत ती परतल्यावर घ्यावी, आणि तसा ठराव लिहून ठेवावा. तिच्या माघारी तिच्या नावावर कर्ज उचलायचं नाही, हेही त्याच ठरावात यावं.

परतफेडीचंही तसंच. जूनमध्ये बी-खताला पैसा लागतो, सोयाबीन ऑक्टोबरात घरात येतं. मधल्या महिन्यांत कोरडवाहू शेतातून हाती काही येत नाही. गटाच्या अंतर्गत कर्जावर तेवढे महिने फक्त व्याज घ्या, मुद्दल सोयाबीन विकल्यावर घ्या. नाहीतर गटाचा हप्ता भरायला बाई सावकाराकडे जाते, आणि ज्यासाठी गट काढला तेच उलटं होतं.

हे सगळं दसऱ्याआधीच्या बैठकीत ठरवा. फडावर जाणाऱ्या जणी तेव्हा गावात असतात आणि त्यांच्या तोंडावर निर्णय होतो. ठरावाखाली प्रत्येकीची सही किंवा अंगठा घ्या, एक प्रत गावातल्या गटांच्या ग्रामसंघाकडे द्या. बँकेत गटाच्या खात्यावर सही करणारीच टोळीबरोबर जाणार असेल, तर तिच्या जागी दुसरीचं नाव लावण्याचा ठराव घेऊन, ती निघायच्या आधीच दोघी मिळून बँकेत जाऊन या.