आकाशातील पाखरे आणि आपली मुले
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात दिलेले भाषण)



ज्युबिली म्हणजे मागे वळून देवाचे उपकार स्मरण्याचा काळ. आपल्या पॅरिशवर झालेल्या अनेक उपकारांची गणना या प्रसंगी झाली. एका उपकाराची मात्र राहून गेली. तो दररोज पहाटे, मिसेची घंटा होण्यापूर्वीच, आपल्या अंगणात उतरतो. आपण त्याजकडे न पाहता चूल पेटवितो, गुरे सोडितो, अथवा मोबाइल उघडून बसतो. पाखरांविषयी आम्ही बोलत आहोत हे आपण ओळखलेच असेल.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू आपल्या शिष्यांस आकाशातील पाखरांकडे पाहावयास सांगतो. हा उपदेश आपण पुष्कळ वेळा ऐकला आहे व चिंता करू नये एवढा बोधही घेतला आहे. परंतु ‘पाहा’ ही जी पहिली आज्ञा, ती पाळली आहे काय? ज्या घरातील मुलास दहा पाखरांची नावे सांगता येत नाहीत, त्या घराने हा अध्याय अर्धाच वाचला असे म्हणावे लागेल.

आपणां शाहूवाडीकरांस तर सबब सांगावयास जागाच नाही. पश्चिमेस विशाळगड व आंबा घाटाची दाट झाडी, उत्तरेस वारणा, आणि मध्ये कडवीचा काठ, भाताची खाचरे, उसाचे मळे. याच डोंगररांगेतील चांदोलीचे अरण्य २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१२ साली सह्याद्रीतील कोयना, चांदोली, राधानगरी व कास ही स्थळे युनेस्कोने जागतिक वारशात घेतली. जे पाहावयास दूरदूरचे लोक खर्च करून येतात, ते आपल्या परसदारी आहे.

आता आरंभ कसा करावा ते सांगतो. प्रथम अरण्यात जाऊ नये. तेथे गव्यांचा व बिबट्यांचा वावर आहे. लहान मुलांस घेऊन वनखात्याच्या परवानगीवाचून व जाणत्या सोबत्यावाचून तिकडे वळूच नये. आरंभ अंगणात करावा. सूर्योदयानंतरचा पाव तास आईबापांनी मुलांसह एके ठिकाणी निमूटपणे बसावे. लहान मूल दहा मिनिटे स्वस्थ बसले तरी पुष्कळ झाले. त्यास दरडावू नये. दुर्बिणीची घाई नको. पुढे घ्यावयाची झाल्यास आठ पट मोठे दाखविणारी हलकी दुर्बीण मुलांच्या हातांस बरी. पहिल्या वर्षी एक वही व एक पेन्सिल पुरे.

वहीत काय लिहावे? पाखरू चिमणीएवढे, साळुंकीएवढे की कावळ्याएवढे, हे प्रथम. मग चोच कशी, शेपटी कशी, ते चालते की उड्या मारते, कोठे बसले व काय खात होते, हे लिहावे. रंग शेवटी, कारण उन्हासावलीत रंग फसवितात, चाल सहसा फसवीत नाही. तारेवरून झेप घेऊन हवेतच माशी टिपणारा व फिरून त्याच जागी येऊन बसणारा हिरवा पक्षी तो वेडा राघू. गुरांच्या पाठीवर बसणारा, दुभंगलेल्या शेपटीचा काळा तो कोतवाल. काळापांढरा, शेपटी उभारून गोड गाणारा तो दयाळ. नांगरामागून चालणारा पांढरा तो गायबगळा. ओढ्याकाठी शेपटी वरखाली हालवीत धावणारा धोबी हिवाळ्यात विशेष दिसतो. त्याच्या काही जाती शेकडो कोस दूरच्या थंड मुलुखातून येतात. ही पाच ओळखली की मूल सहावे आपणच विचारते.

ऋतूही गुरूचे काम करितात. फाल्गुनाच्या सुमारास काटेसावर फुलली की तिच्याखाली घोंगडी टाकून बसावे. मधाच्या लोभाने साळुंक्या, बुलबुल, कोतवाल सारे तेथे जमतात. उन्हाळ्यात तांबट दुपारभर टुक्‌टुक् करितो. पावसाच्या तोंडावर पावशा ओरडतो व शेतकऱ्यास त्यात ‘पेरते व्हा’ असे ऐकू येते. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीस सुगरणीची घरटी लोंबतात. ती विणतो नर, आणि मादी तपासून पसंत करिते, हे मुलांस सांगावे. पुष्कळ मोठ्यांसही ते ठाऊक नसते.

‘आम्हांसच नावे येत नाहीत, मुलांस काय शिकवावे?’ अशी शंका काही आईबाप घेतील. डॉ. सालिम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. ते लहानपणीच पोरके झाले व मामांच्या घरी वाढले. एकदा छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारिली. तिच्या कंठावर पिवळा डाग होता. ती कोणती हे मामांस सांगता येईना. मामांनी मुलास गप्प बसविले नाही. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे विचारावयास पाठविले. तेथे मिलर्ड साहेबांनी त्यास पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला, आणि त्या मुलाचा पुढे जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ झाला. ‘मला ठाऊक नाही, चल विचारू’ एवढे म्हणावयास विद्वत्ता लागत नाही. मराठीत तर मारुती चितमपल्ली यांचे ‘पक्षिकोश’ व इतर ग्रंथ आहेत. ते आपल्या पॅरिशच्या वाचनालयात असावेत.

आता एक कठीण गोष्ट. आपल्या कित्येक घरांत अजून गलोल आहे, आणि कोठे कोठे पिंजऱ्यात पोपटही आहे. आपल्याकडील रानपोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायद्याहून जुनी आज्ञा आपल्यापाशी आहे. अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात, पिलांवर वा अंड्यांवर बसलेल्या आईस धरू नये, असे देवाने आपल्या प्रजेस बजाविले आहे. म्हणून घरट्याजवळ जाऊ नये, त्याचे छायाचित्र काढावयास फांदी मोडू नये. आपल्या येरझारांनी कावळ्यास व मांजरास घरट्याची वाट कळते, आणि भ्यालेली आई कधी परत येत नाही. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्यास फसवून बोलावणे हेही बरे नव्हे. विणीच्या दिवसांत त्याचा जीव त्यात हकनाक शिणतो.

मुलास गलोल टाकावयास लावावयाची तर ती हिसकावून घेऊ नये. तिच्या जागी वही द्यावी. नेम धरण्यास जी स्थिर दृष्टी व जो धीर लागतो, तोच पाखरू ओळखण्यास लागतो. गुण तोच, त्याचा उपयोग मात्र पालटतो.

आपल्या डोंगरातील धनेशाचे कुटुंब पाहा. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, आतून ढोलीचे तोंड लिंपून घेते व एक फट तेवढी ठेविते. कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला व पिलांस फळे भरवितो. त्याचा घात झाला तर आतील कुटुंबावर उपासमारीची पाळी येते. शिवाय धनेशास स्वतः ढोली कोरता येत नाही. ती जुन्या, मोठ्या वृक्षातच मिळते. असा एक वृक्ष सरपणासाठी वा रस्त्यासाठी पडला म्हणजे एका कुटुंबाचे घर पडले. बांधावरचा उंबर किंवा रानातील जुना वृक्ष विकण्यापूर्वी घरच्या मुलांनी बापास ही गोष्ट विचारावी, एवढ्यासाठी त्यांस धनेश दाखवावयाचा.

अस्सीसीकर संत फ्रान्सिस पाखरांस आपली भावंडे मानी. त्यास १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी सृष्टिरक्षणाचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले. त्याचेच नाव धारण करणारे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीस आपणां सर्वांचे सामायिक घर म्हटले. ज्या घराची माणसेच आपण ओळखत नाही, ते घर राखणार कसे?

म्हणून ज्युबिलीचा एक संकल्प सुचवितो. प्रत्येक कुटुंबाने येत्या रविवारी एक वही घालावी व तीत वर्षभर आठवड्यास एक पान लिहावे. आजोबांस ठाऊक असलेली जुनी नावेही तीत उतरवावी, कारण ती त्यांजबरोबर जातील. दरसाल फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातील पक्ष्यांची गणना होते. तीत आपल्या मुलांनी भाग घ्यावा. आणि वर्षाअखेर त्या वह्या उपकारस्तुतीच्या मिसेत वेदीपाशी अर्पण कराव्या. परमेश्वर पित्याच्या दृष्टीआड एकही चिमणी नाही. आपल्या मुलांच्या दृष्टीसही त्या पडोत, हीच प्रार्थना.