सातमाळा : उरलेला डोंगर



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. भूगर्भशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. दगडखाणीतल्या आणि विहिरींवरच्या मजुरांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता दगडाविषयीच कुतूहल वाटू लागले; मग मिळतील ती पुस्तके वाचली. त्यातून जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या उत्तरेला डोंगरांची रांग आहे, ती सातमाळा. सह्याद्रीपासून फुटून ती पूर्वेकडे निघते. अचला, अहिवंत, सप्तशृंग, धोडप, राजधेर, इंद्राई, चांदवड. पुढे मनमाडजवळ अणकाई-टणकाई, आणि त्यापलीकडे अजिंठ्याचे डोंगर. तिच्या दक्षिण उतारावरचा पाऊस गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातो, उत्तरेचा गिरणा-तापीतून अरबी समुद्राला.

हिमालय जमिनीला घड्या पडून उंचावला. सातमाळ्याची गोष्ट निराळी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर निवत गेला. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या खडकाचा आहे. त्यात नद्यांनी खोरी कोरली. दोन खोऱ्यांच्या मध्ये जे झिजायचे राहिले, तो सातमाळा. म्हणजे हा डोंगर उभारलेला नव्हे, उरलेला आहे. धोडपची ती प्रसिद्ध भिंतही अशीच : भेगेत गोठलेला लाव्हा टिकला, भोवतालचा खडक गेला. आपला कांदा ज्या काळ्या मातीत पिकतो, ती याच जातीच्या खडकाची झीज.

सगळे थर मात्र सारखे नसतात. घट्ट काळ्या कातळाचे कडे होतात. त्यात पाणी राहते ते फटींपुरते. सच्छिद्र, कुजका खडक आणि मुरूम पाणी जिरवतात, साठवतात. विहीर खणणाऱ्या वडाराला हा फरक पुस्तकावाचून, पहारीच्या आवाजावरून कळतो.

आता प्रश्न हक्काचा. बोअर खोल नेली म्हणून कातळात नवे पाणी तयार होत नाही. पुष्कळदा वरच्या थरात जिरलेले, शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणीच खाली ओढले जाते. आधी आटते ती लहान शेतकऱ्याची उथळ विहीर, आणि तिच्यामागून मजुराचे काम. ज्याने विहीर खणली, त्याच्याच झोपडीत पिण्याला पाणी नसावे, हा न्याय कोणता?

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या लाखो हातांनी दुष्काळी कामांवर राबून, खडी फोडून पोट भरले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. काम मागण्याचा हक्क मिळाला. आता कोणते काम, हेही आपणच सांगितले पाहिजे. उतारावर माती अडवणे, पाझर तलावातला गाळ काढणे, झाडे लावून ती जगवणे, ही कामे ग्रामसभेत ठरावाने मागा. आणि बोअर घेण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारा.

डोंगर झिजायला कोट्यवधी वर्षे लागली. त्याच्या पोटातले पाणी संपवायला एक पिढी पुरेल. ती पिढी आपली ठरू नये, एवढेच सांगून रजा घेतो.