शिक्षकाला मुलाची बोली कोण शिकविणार?



पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांत ‘आंतरसांस्कृतिक संवाद’ हा शब्दप्रयोग अलीकडे वारंवार आढळतो. तो वाचताच मध्यमवर्गीय पालकांच्या डोळ्यांसमोर लंडन किंवा मेलबर्न उभे राहते. भाषाशिक्षणाची पदवी घ्यावयाची, इंग्रजी शिकवावयाचे, जमल्यास तिकडेच स्थायिक व्हावयाचे. त्यात गैर काही नाही. परंतु या विषयाची जितीजागती प्रयोगशाळा गोंदिया जिल्ह्यात आहे आणि तेथे पाऊल टाकणारे अभ्यासक मात्र थोडे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १३ लाख २२ हजार. उत्तरेस बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड. गोंदिया शहराच्या बाजारपेठेत हिंदी, खेडोपाडी झाडीबोली, पोवारांच्या घरी पोवारी, तर सालेकसा-देवरीकडील वनवासी वस्त्यांत गोंडी. अनेक गोंड कुटुंबांत आता मराठी वा हिंदीच बोलली जाते, हे खरे. पण जेथे गोंडी टिकून आहे, तेथील मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या पुढ्यात येते ती प्रमाण मराठी.

येथेच शिक्षकाची कसोटी लागते. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ होतो. ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. हे अशुद्ध बोलणे नव्हे, तो त्या बोलीचा नियमच आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासासाठी दीर्घकाळ परिश्रम घेतले, म्हणून तिच्याकडे विद्वानांचे लक्ष गेले. गोंडीची गोष्ट आणखी वेगळी. ती द्राविडी कुळातील भाषा. पाण्याला ‘येर’, घराला ‘रोन’. ‘तीन’साठी ‘मूंद’ ऐकले की तेलुगू जाणणाऱ्यास आपला ‘मूडु’ आठवेल. मराठीत तीन लिंगे, गोंडीत दोनच वर्ग: एक पुरुषांचा, दुसरा उरलेल्या सर्वांचा. एकवचनात स्त्री आणि वस्तू यांना एकच रूप. अशा घरातून आलेले मूल ‘ती’ आणि ‘ते’ यांत गोंधळले, तर त्याचे कारण मुलाच्या बुद्धीत नसून दोन व्याकरणांच्या अंतरात असते. ज्या शिक्षकाला हे ठाऊक आहे, तो मुलाला एका आठवड्यात मार्गी लावील. ज्याला ठाऊक नाही, तो त्याला ‘ढ’ ठरवील आणि मूल पुढच्या वर्षी शाळेत दिसणार नाही.

भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले होते. त्या महाकवीच्या नाटकांत एकाच प्रवेशात एक पात्र संस्कृतात बोलते, दुसरे प्राकृतात उत्तर देते, आणि संवाद कोठेही अडत नाही. (कोणी कोणती भाषा बोलावी, यात सामाजिक दर्जाचा भाग होता, हेही लपविण्याचे कारण नाही.) अनेक भाषा ऐकण्याची सवय या मातीला नवी नाही. ती शाळेच्या दाराशी येऊन का थांबते, हा खरा प्रश्न.

याच जिल्ह्यातील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडाजवळ १९७२पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. देश गमावलेल्या या समाजाने २००४मध्ये आपले शिक्षणधोरण आखले आणि मुलांचे प्रारंभिक शिक्षण तिबेटीतून व्हावे यावर भर दिला. शेजारची हिंदी आणि जगाची इंग्रजी त्यांनी सोडली नाही. पण पाया स्वभाषेचा धरला. ज्यांचा देश हातात आहे, त्यांनी याचा विचार करावयास हवा.

कायदा अनुकूल आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क १९५६पासून सांगतो. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचे माध्यम सुचविले. मात्र सुमारे ३० लाख लोकांची गोंडी अद्याप आठव्या अनुसूचीत नाही. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८मध्ये तिच्यासाठी तयार केलेली लिपी २०१७ साली युनिकोडमध्ये आली. म्हणजे संगणक गोंडी लिहू लागला, पण तिच्या प्रदेशातील एम.ए. झालेला मराठीचा शिक्षक तिचे दहा शब्द सांगू शकेलच असे नाही.

महाराष्ट्रात २०२३-२४पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधनपद्धती, क्षेत्रीय प्रकल्प आणि शोधप्रकल्प आले. क्षेत्रीय प्रकल्पाचे चार श्रेयांक ग्रंथालयात बसून जुन्या प्रबंधांची उसनवारी करण्यात घालवावयाचे, की एखाद्या जिल्हा परिषद शाळेतील पहिलीच्या मुलांचा शब्दसंग्रह टिपण्यात, हे विभागप्रमुखाने ठरवावयाचे आहे. पोवारी, झाडीबोली आणि गोंडी घरांतील मुले पहिल्या दिवशी कोणते मराठी शब्द समजतात आणि कोणते नाही, एवढी एक वही प्रत्येक विद्यार्थ्याने केली, तरी पहिलीच्या शिक्षकाला ती पाठ्यपुस्तकाइतकी उपयोगी पडेल. वनवासी क्षेत्रात सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांनाही ही वही हवी. १९५२मध्ये जशपूर येथे कल्याण आश्रमाचे काम सुरू झाले. सेवा करणाऱ्याने आधी समोरच्याची भाषा ऐकावी, हे अशा कामात कोणाला सांगावे लागू नये, पण लागते.

आणि ज्याला मोठा शोधप्रकल्प हवा असेल त्याने माघी पौर्णिमेला दरेकसा स्थानकावर उतरावे. कचारगडच्या यात्रेसाठी अनेक राज्यांतील गोंड बांधव तेथे जमतात. कोणाच्या गोंडीत मराठी मिसळलेली, कोणाच्या हिंदी, कोणाच्या तेलुगू. ते एकमेकांना कोठे समजतात, कोठे अडतात आणि अडले की कोणती भाषा मदतीला घेतात, हे गुहेच्या वाटेवर चालता चालता लिहून घेता येते.