कापसाचे गाणे आणि कापसाचा हिशेब

(राजापेठ, अमरावती येथील व्याख्यानाचा मजकूर)



१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांची भुकेली नजर वऱ्हाडाकडे वळली. हा मुलूख १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होताच. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि चढलेले भाव कोसळले; परंतु वऱ्हाडचे शेत जगाच्या बाजाराला जे एकदा बांधले गेले, ते कायमचे. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. अमरावतीहून बडनेऱ्याकडे कापसाच्या गाठी जाऊ लागल्या. मिसिसिपीचे खोरे आणि पूर्णेचे खोरे एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसले, ते असे.

त्या दुसऱ्या पारड्यात काय घडले? १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. मुक्त झालेला कृष्णवर्णीय माणूस त्याच शेतात बटईदार म्हणून उभा राहिला. बियाणे उधार, धान्य उधार. आणि हंगामाच्या अखेरीस मालकाच्या वहीत त्याच्याच नावावर बाकी. या वहीच्या सावलीत जे गाणे जन्मले, त्याचे नाव ब्लूज. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीत तिला उत्तर द्यायचे, अशी त्याची साधी घडण. शेतातील कामकऱ्यांची साद-पडसाद आणि चर्चमधील सामुदायिक गायन, दोन्ही त्यात उतरली आहेत.

डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने मिसिसिपीतील टटवायलर स्थानकावर, १९०३च्या सुमारास, एका फाटक्या वेषातील माणसाला तारेवर सुरी घासून गिटार वाजविताना ऐकले. पुढे १९१२ मध्ये हँडींचे ‘मेम्फिस ब्लूज’ छापून प्रसिद्ध झाले. १९२० मध्ये मॅमी स्मिथची तबकडी अफाट खपली आणि कंपन्यांना या दुःखात बाजारपेठ दिसली. चार्ली पॅटनने १९२९ मध्ये कापसाच्या बोंडांवरील भुंग्यावर गाणे मुद्रित केले. १९४३ मध्ये मडी वॉटर्स शेतमजुरी सोडून शिकागोला गेला, तेथे त्याच्या गाण्याला विजेची गिटार मिळाली. आणि त्याच्या १९५० मधील एका गाण्यावरूनच ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्रज वाद्यवृंदाने १९६२ मध्ये आपले नाव घेतले. गाणे जगभर गेले. ज्यांच्या कंठातून ते निघाले, त्यांच्यापैकी अनेकांच्या पदरी मात्र किरकोळ बिदागी पडली. शेतातील वही आणि कंपनीची वही यांत अंतर फारसे नव्हते.

आता वऱ्हाडाकडे पाहावे. गुलामगिरी आणि इथली जातिव्यवस्था या दोन गोष्टी एकच नव्हेत. तसे म्हणणे दोघांवरही अन्याय ठरेल. परंतु सावकार, मक्ता-बटई आणि सालदारी यांनी इथेही माणसे पिळली आणि इथल्या माणसांनीही गाण्यालाच जवळ केले. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तर श्रोत्यांकडून वदवीत आणि कर्ज काढू नका असे बजावीत. यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावाच्या सुधारणेचा विषय आणला. वामनदादा कर्डकांनी आंबेडकरी विचार गावोगाव गाइला. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत पोटासाठी मुंबईला गेलेल्या माणसाचा विरह आहे. शिकागोच्या वाटेवरील माणसाला तो परका वाटला नसता.

आणि बायकांचे काय? जात्यावर त्या गात होत्या. गिरणी आली, जाते थांबले, ओवीही थांबू लागली. गी पॉटवँ आणि हेमा राईरकर यांनी कार्यकर्त्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि ओवीबरोबर गाणारणीचे नावही नोंदविले. या नोंदीतच न्याय आहे. ज्या गाण्याला नाव नाही, त्याचा मोबदला मागायला कोणी उभा राहू शकत नाही.

२०११ पासून मुंबईत ब्लूजचा महोत्सव सुरू झाला, सुशिक्षित रसिकांनी तिकिटे काढून तो ऐकला. त्यात गैर काहीच नाही. मात्र मिसिसिपीच्या भुंग्याचे गाणे ऐकून हळहळणाऱ्याने २०१७ साली गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडचे पीक खाल्ले, त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीने शेतकरी-शेतमजूर दगावले, हेही ऐकले पाहिजे. दूरचे दुःख कला ठरते आणि शेजारचे दुःख कटकट, ही रसिकता नव्हे.

गाणे वहीतील बाकी फेडीत नाही. त्यासाठी संघटना लागते, भावाचा लढा लागतो, कायदा लागतो. पण वहीत जे कधीच लिहिले जात नाही, ते गाणे लिहून ठेवते. दर्यापूर, अकोट, अचलपूरच्या शिवारात निंदण-वेचणी करणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कंठात अजून जे उरले आहे, ते तरुणांनी त्यांच्या नावानिशी नोंदवून घ्यावे. कापूस तर गाठी बांधून केव्हाच गेला. गाणे तरी बेनाव जाऊ नये.